दोन टोले

यादवमामा खरात बसत नसत. वस्तीत लग्न असो की पुण्यानुमोदन, पंगत बसली की हा माणूस भिंतीला पाठ लावून, ताट डाव्या हातावर घेऊन उभ्यानं जेवायचा. म्हाताऱ्या बायांना ते बघवायचं नाही. "बस की रे यादव, घोड्यावानी उभा काय ऱ्हातो?" असं कुणी म्हटलं की मामांचं उत्तर ठरलेलं होतं.

"ड्रायव्हर बसला का गाडी गेली."

गाडी म्हणजे ट्राम. मुंबईची. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात ट्राम पाहिलेला मामांखेरीज दुसरा माणूस नव्हता. आम्हाला ठाऊक होती ती जालन्याच्या स्टेशनातली मीटरगेजची रेल्वे. मामा तिला फारशी किंमत देत नसत. "रेल्वे गावाला वळसा घालून जाती. ट्राम शहराच्या पोटातून जाती. दुकानं, देवळं, मशिदी, हाटेलं, सगळ्यांच्या उंबऱ्याला घासून. कोण अडवतो?" हे 'कोण अडवतो' म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. ज्या गावात मारुतीच्या पारासमोरून चप्पल घालून जायला आमच्या बापांना बंदी होती, त्या गावातून गेलेला हा माणूस एका अख्ख्या शहराच्या उंबऱ्यांना घासत हिंडला होता. पायाखाली पितळी घंटा होती आणि ती दाबली की शेटजी असो, भटजी असो, बाजूला सरकत होता.

ट्रामच्या ड्रायव्हरला बसायला जागाच नसे. उजव्या हाताला ब्रेकचा दांडा, डाव्या हाताला वेगाची मूठ, आणि पाळी संपेपर्यंत उभं राहणं. ते उभं राहणं मामांच्या हाडात भिनलं होतं. अंगात कायम खाकी कोट. त्याची पितळी बटणं ते चिंचेनं घासत. आमच्या बुद्धविहारात वंदनेला गर्दी झाली की मागून त्यांचा आवाज यायचा, "आत सरका, आत सरका! आत जागा हाय, अन् दारात माणसं लोंबकळून राह्यली!" भंतेजीसुद्धा हसायचे आणि माणसं खरोखरच आत सरकायची.

त्यांची आवडती गोष्ट पाटलांची. आमच्या गावचे पाटील एकदा कोर्टाच्या कामाला मुंबईला गेले आणि नेमके मामांच्या ट्राममध्ये चढले. जागा मिळाली ती एका कोळणीशेजारी. मांडीवर माशाची पाटी घेतलेली ती बाई, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून आमचे पाटील. मग त्यांनी पुढे उभा असलेला खाकी कोट ओळखला.

"मागून म्हणत्यात, 'कोण, यादव का रे? जरा हळू घे की लेका.' मी मागं बिलकुल वळून पाह्यलं न्हाई. बोट वर केलं. वर पाटी होती, 'ड्रायव्हरशी बोलू नये'."

"मंग?"

"मंग काय. गप बसले. पाटी सरकारी होती."

ही गोष्ट वस्तीत इतक्यांदा सांगितली गेली की शेवटचं वाक्य सगळे मिळून म्हणायचे.

पुढे ट्राम बंद झाली. शहराला ती हळू वाटू लागली, रस्त्यात अडचण वाटू लागली. शेवटच्या दिवशी लोकांनी गाडीला हार घातले, असं मामा सांगत आणि लगेच म्हणत, "मेलेल्याला बी घालत्यात." त्यांना बसवर घ्यायची तयारी होती, पण जमलं नाही. "तिला चाक असतं फिरवायचं. रस्ता आपुनच निवडायचा. मला रूळ लागतो." मामी त्याच वर्षी वारल्या. मामा कोटासकट गावी परतले आणि थोरल्या भावाच्या, भीमादादांच्या घरात राहू लागले.

रूळ लागतो, या त्यांच्या म्हणण्यावर माझं त्यांच्याशी भांडण व्हायचं. मी तेव्हा जालन्याला कॉलेजात होतो. खिशात चळवळीची पत्रकं असायची आणि डोक्यात त्याहून जास्त. मी म्हणायचो, "मामा, रुळावरून चालायचं, घंटा वाजली की निघायचं, घंटा वाजली की थांबायचं. ही गुलामीच झाली."

मामा शांतपणे समजावत. ट्राममध्ये कंडक्टर मागून दोरी ओढतो. एक घंटा म्हणजे थांब. दोन घंटा म्हणजे चल. दोन आल्याशिवाय ड्रायव्हरनं ब्रेक सोडायचा नाही, मग पुढे लाटसाहेब उभा असो. "का? मागं कोण चढून राह्यलं, कोणाचा पाय पायरीवर हाय, कोण्या बाईचं लेकरू खालीच राह्यलं, ते ड्रायव्हरला दिसत न्हाई. कंडक्टरला दिसतं. घंटा मालकाची नसती रे बाबा. मागं उभ्या असलेल्या माणसाची असती. तिचं ऐकायचं असतं."

कुठल्याही पत्रकात हे वाक्य मला सापडलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळं गाव एका कामावर आलं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचा बांध घालायचा होता. पांढरीतल्या, म्हणजे वरच्या जातींच्या गावठाणातल्या, ज्या बाया कधी दुसऱ्याच्या बांधावर गेल्या नव्हत्या, त्या पदर ओढून आमच्या बायांबरोबर पाट्या वाहू लागल्या. कॉलेजला दांडी मारून मीही दगड फोडत होतो. टेकडीवर मुरमाची खदान होती, खाली बांध. मधल्या उतारावर कुठल्या तरी जुन्या धरणावरून आणलेले हलके रूळ टाकले होते आणि त्यावरून लोखंडी डबागाडी चालायची. भरलेला डबा उताराच्या जोरानं खाली जायचा, एका माणसानं मागच्या फळीवर उभं राहून ब्रेकचा दांडा दाबून धरायचा. रिकामा डबा बाया ढकलत वर आणायच्या.

मामांनी ते रूळ पाहिले त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कमरेत वाकून त्यांनी रुळावर तळहात ठेवला. मग मुकादमापुढे जाऊन म्हणाले, "ब्रेक मी धरतो."

मुकादम ठेकेदाराचा माणूस. काळा चष्मा, हातात छत्री. तो हसला. "धर की. मुंबईचा साहेब आलाय आपल्याकडं." तेव्हापासून तो मामांना 'ए ट्राम' म्हणून हाक मारायचा.

अडचण एकच होती. इथे ड्रायव्हर मागे होता आणि समोर मुरमाचा ढीग. पुढचं काही दिसत नव्हतं. मधल्या वळणावर मुरूम सांडून रुळावर साचायचा, तो झाडला नाही तर डबा उडायचा. मामांनी ठरवलं की कंडक्टर पुढे ठेवायचा. त्यानं वळणावर रूळ झाडायचा, माणसं बाजूला करायची, स्वतः बाजूला व्हायचं आणि मगच घंटा द्यायची. घंटा म्हणून मोडक्या रुळाचा एक तुकडा वळणावरच्या बाभळीला टांगला. एक टोला, थांब. दोन टोले, चल.

या कामाला कौसाबाई पुढे आली. गावातल्या शेतकरी घरची सून. पंचविशीची, तोंडाची फटकळ. वस्तीतल्या माणसाच्या हाताखाली काम करते म्हणून गावातल्या बायांनी तिला टोमणे मारले. "काय गं, कंडक्टरीण झाली का? तिकिट किती घेती?" ती म्हणाली, "तुला अर्धं लावीन. तुझी अक्कल अर्धीच हाय."

मामांना ती थट्टेनं 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायची. दुपारी सरकारी सुकडीचं कोरडं खाणं वाटलं की मामा उभ्यानं खायचे आणि ती उभ्यानंच बाजूला थांबायची. एकदा तिनं विचारलं, "मामा, तुमच्या ट्रामात तहान लागली तर पाणी कुठं प्यायचे?"

"नाक्यावर नळ होता. पितळी तोटी."

"कोणाचा नळ?"

"नळाचा."

ती हातोडी उचलून वळणाकडे गेली.

तिच्या प्रश्नाला कारण होतं. कामावर पाण्याचे दोन रांजण होते. एक गावाचा, एक आमचा. बांधाजवळ मुकादमाची राहुटी होती आणि तिच्यासमोर त्याच मोडक्या रुळाचा दुसरा तुकडा टांगलेला होता. दुपारी मुकादम त्यावर एक टोला द्यायचा, की गावाची माणसं पाण्याला जायची. ती सगळी पिऊन परत आली, की दुसरा टोला. मग आम्ही. मधल्या वेळात आमच्या बायांनी पाट्या वाहत राहायचं. गाव तहानलेलं, वस्ती तहानलेली, ऊन सगळ्यांच्या डोक्यावर एकच. पण टोले दोन. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती म्हणे.

एका दुपारी आमच्यातली एक पोटुशी बाई दुसऱ्या टोल्याची वाट पाहत रुळाकडेला कोसळली. कौसाबाई धावली. गावाच्या रांजणातला तांब्या तिनं सरळ त्या बाईच्या तोंडाला लावला. ओरडा झाला. रांजण बाटला, असं कुणी म्हणालं. कौसाबाईची सासू, उंच, हडकुळी म्हातारी, पाटी खाली ठेवून सुनेकडे पाहत राहिली.

मामा डब्यावरून उतरले आणि मुकादमापुढे उभे राहिले. "एकच टोला द्या. सगळ्यांना. न्हाई तर डबा हालणार न्हाई."

"तू कोण रे ठरवणारा?"

"मी ड्रायव्हर."

त्या दिवशी डबा हलला नाही. आम्ही पाट्या टाकल्या. गावातल्या काही जणांनीही टाकल्या, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब काम बघायला यायचे होते. बंद काम दाखवणं मुकादमाला परवडणारं नव्हतं. संध्याकाळी तो म्हणाला, "ठीक. उद्यापासून गाव अन् वस्ती एकदम."

रात्री वस्तीत मामांना खांद्यावर घ्यायचं बाकी राहिलं होतं. मी पत्रकाचा मथळासुद्धा ठरवून टाकला. मामा दारात उभे राहून म्हणाले, "एवढं काय त्यात? आत सरका म्हणलं, सरकले."

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. डबा भरून खदानीच्या तोंडाशी उभा होता. मामा मागच्या फळीवर, दांडा दाबून. कौसाबाई खाली वळणावर गेली होती, रूळ झाडायला. मी खदानीच्या कडेला होतो. मुकादम राहुटीतून बाहेर आला. आदल्या दिवशीची हार त्याच्या घशात अडकलेली असणार. मामांनी एक टोला मागितला होता. त्यानं एक दिला नाही. एक गावाचा आणि एक वस्तीचा, असे दोन दिले. लागोपाठ.

तेच लोखंड. तोच आवाज. खालूनच आलेला.

मामांचा हात उघडला.

मला ते दिसलं. त्यात विचार नव्हता, क्षणभराची चुळबुळ नव्हती. इतक्या वर्षांत ज्या हातानं दोन घंटांवर ब्रेक सोडला होता, त्यानं तो सोडला. डबा निघाला. वळणावर कौसाबाई वाकलेली होती, हातात केरसुणी. तिची हातोडी बाभळीच्या बुंध्याशी होती. तिनं अजून टोले दिलेच नव्हते.

बायांची किंकाळी ऐकून मामांनी दांडा पुन्हा दाबला. ब्रेक लागला. चांगला लागला. पण वळणाच्या पुढे.

चौकशीला साहेब जीपमधून आले. राहुटीत टेबल मांडलं. आदल्या रात्री भीमादादा मामांना हात जोडून सांगत होते, "ब्रेक खराब होता म्हण. ठेकेदाराचा माल हाय, कोण तपासायला बसलंय? गावाची सून गेली अन् हात वस्तीतल्या माणसाचा हाय. उद्या गाव आपल्या घरादारावर येईल. लेकराबाळांचा विचार कर."

मामा म्हणाले, "ब्रेक चांगला होता, दादा."

"खरं बोलून काय मिळनार हाय?"

"ती घंटेवर इस्वास ठेवून तिथं वाकली होती."

भीमादादांनी भिंतीवर डोकं टेकलं.

मुकादमानं साहेबांना सांगितलं की बाई बेसावध होती, रुळात बसली होती. साहेब ते लिहू लागले तेव्हा मामा पुढे झाले. खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत.

"बाई बेसावध नव्हती. ती तिच्या कामावर होती. हात माझा. मी सोडला. लिहा."

साहेबांनी मान वर केली. गुन्हा असा चालत टेबलापर्यंत आलेला त्यांनी क्वचितच पाहिला असावा. त्यांनी लिहिलं.

"आता पुढचं लिहा. का सोडला ते. दोन टोले आले म्हणून सोडला. अन् टोले दोन का आले? एक मागितला होता साहेब, सगळ्यांना मिळून एक. यांनी एक गावाचा, एक आमचा, असे जोडून दिले. ते बी लिहा."

"पाण्याचा आणि अपघाताचा काय संबंध?"

"लिहिलं म्हंजे दिसंल संबंध."

"हे बघा, भलतं राजकारण नको. सही करा."

"पुरं लिहा, मी पुरी सही करतो. अर्ध्याला न्हाई करणार."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात बाहेरच्या गर्दीतून कौसाबाईची सासू आत आली. आम्हाला वाटलं, आता ही मामांच्या तोंडावर थुंकणार. वस्तीतले दोन-तीन गडी पुढे सरकले. म्हातारीनं मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावर हात ठेवून साहेबांना म्हणाली,

"लिहा की ओ. माझी सून गेली. तुमची शाई चालली का?"

साहेब उठले. जीप निघून गेली. मामांच्या सहीवाचूनच कागद पुरा झाला. दोन अंगठे कुणाचे तरी मिळाले. त्यात आलं ते एवढंच, की ब्रेकवाल्याच्या हलगर्जीपणामुळे एक स्त्री मजूर मयत. त्या साहेबानं जे लिहिलं नाही ते मी इथे लिहितो आहे: त्या बाईला पाण्याच्या दोन टोल्यांनी मारलं, आणि ते टोले गावात माझ्या जन्माआधीपासून वाजत होते.

संध्याकाळी पोलीस मामांना घेऊन गेले. गावानं आमच्या घरादारावर हल्ला केला नाही. त्या म्हातारीच्या एका वाक्यामुळे, असं मी आजही मानतो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमानं एक टोला दिला. गावाची माणसं उठली. आमच्या बाया पाट्या घेऊन चालत राहिल्या. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो तर त्यानं चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाला, "बघितलं ना? एकत्र केलं की काय होतं ते?"

मी दगड उचलला होता. भीमादादांनी माझं मनगट धरलं.

काही महिन्यांनी मामा सुटून आले. कोट अंगात होता, बटणं काळी पडली होती. ट्रामचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. विहारात गर्दी झाली तरी मागून आवाज यायचा नाही. एका पंगतीत कुणीतरी पाटलांच्या गोष्टीचा शेवट म्हणायला सुरुवात केली आणि आपोआप थांबला.

मी जालन्याला नोकरीला लागलो. गावी जाणं कमी झालं. पाझर तलाव पुरा झाला, चांगल्या पावसात भरलाही. रूळ आणि डबे ठेकेदारानं उचलून नेले. मुकादमाचा तो लोखंडी तुकडा तेवढा राहिला; तो शाळेनं घंटा म्हणून नेला. शाळा आमच्या वस्तीला लागूनच आहे.

मामांना शेवटचं पाहिलं ते असंच एका सकाळी. मी पिशवी घेऊन एसटी गाठायला निघालो होतो. मामा भीमादादांच्या ओट्यावर होते. बसलेले. पाय खाली सोडलेले, पाठ वाकलेली. मी त्यांना बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं, म्हणून आधी ओळखलंच नाही.

"मामा, निघालो."

त्यांनी मान हलवली.

शाळेच्या शिपायानं दुसऱ्या तासाचे टोले दिले. दोन.

मामांचा उजवा हात गुडघ्यावर होता. त्याची बोटं आवळली, मूठ झाली, आणि ती मूठ गुडघ्यावर खाली दाबली गेली, दंडाच्या शिरा वर येईपर्यंत. डोळे समोर, काहीच न पाहणारे. घंटेचा आवाज विरला. शाळेतला गलका थांबला. कुठल्या तरी वर्गात पाढे सुरू झाले.

वळणावर जाऊन मी मागे पाहिलं. मूठ सुटलेली नव्हती.